दोन मॉनिटर पेलणारा प्लायचा स्टँड: मजबुती मागच्या पट्टीत असते

टेबलावर एक फळी, तिला दोन टोकांना दोन पाय, वर मॉनिटर. एका हलक्या मॉनिटरला एवढे पुरतेही. पण दोन चोवीस इंची मॉनिटर आणि बाजूला स्पीकर असा दहा-एक किलोंचा भार महिनोन्महिने एकाच जागी राहिला की फळीला मधे झोळ येतो. पाय आडवे डुलायला लागतात आणि टाइप करताना पडदे थरथरतात. मग पुढच्या वेळी लोक जाड फळी आणतात. पैसे तिथे घालू नका. फळीखाली मागच्या बाजूला त्याच प्लायची एक अरुंद पट्टी उभी चिकटवली की झोळ आणि डोल दोन्ही थांबतात. खाली दिलेला स्टँड त्या पट्टीभोवतीच रचलेला आहे. त्याची लांबी १००० मिमी, खोली २४० मिमी आणि एकूण उंची १२० मिमी आहे.

लाकूड आणण्याआधी उंची ठरवा. त्याहीआधी खुर्ची नीट करा. हात कीबोर्डवर असताना कोपर टेबलाच्या पातळीला आणि खांदे सैल राहतील इतकी खुर्ची वर घ्या, पाय अधांतरी राहिले तर खाली पाट ठेवा. आता नेहमी बसता तसे बसा (फोटो काढतानासारखे ताठ नको) आणि दुसऱ्या कोणाला तरी टेबलापासून तुमच्या डोळ्यापर्यंतचे अंतर मोजायला सांगा. नंतर मॉनिटरच्या बुडापासून पडद्याच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे स्टँडची जास्तीत जास्त उंची. डोळा ५३० मिमीवर आणि पडद्याची वरची कड ४१० मिमीवर असेल तर स्टँड १२० मिमीचा. पडद्याची वरची कड डोळ्याच्या रेषेत किंवा थोडी खाली चालते, वर चालत नाही. त्यामुळे मापाबद्दल शंका असली तर दहा-वीस मिमी कमी करा. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर आणखी ४०–५० मिमी उतरवा, कारण असा चष्मा लावणारा माणूस काचेच्या खालच्या भागातून बघतो आणि पडदा उंच असला की दिवसभर हनुवटी वर करून बसतो. ठरलेल्या उंचीएवढ्या जुन्या पुस्तकांच्या थप्प्यांवर मॉनिटर ठेवून दोन दिवस काम करून बघा. कापलेला प्लाय परत वाढत नाही.

खोली तुमच्या मॉनिटरच्या तळपट्टीवरून (मॉनिटर ज्यावर उभा राहतो तो भाग) ठरवा. तळपट्टी जितकी खोल, त्यात निदान २० मिमी मिळवा. चोवीस इंची मॉनिटरला साधारण २४० मिमी पुरतात. लांबीला मात्र मॉनिटरच्या पूर्ण रुंदीएवढी फळी लागत नाही. चोवीस इंची पडदा ५३० मिमीच्या आसपास रुंद असतो, म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन मॉनिटरांच्या माना (तळपट्टीवरून पडदा धरणारे खांब) साधारण ५४० मिमी अंतरावर येतात. दोन्ही बाजूंना तळपट्टीचा अर्धा-अर्धा भाग धरला की ८०० मिमीत काम भागते. १००० घेतली तर दोन्ही टोकांना हेडफोन, पेनाचा डबा ठेवायला जागा उरते.

प्लाय कोणता

१८ मिमी प्लाय घ्या, बीडब्ल्यूआर ग्रेडचा, म्हणजे उकळत्या पाण्यालाही तोंड देणारा. आयएस ३०३ या भारतीय मानकात एमआर (ओलाव्याला तोंड देणारा) आणि बीडब्ल्यूआर असे दोन ग्रेड आहेत. दुकानात ज्याला ‘कमर्शियल’ म्हणतात तो बहुधा एमआर. कोरड्या खोलीत तोही टिकेल, पण कोकणपट्टीतला पावसाळा किंवा खिडकीला लागून असलेले टेबल यांचा विचार करता बीडब्ल्यूआर बरा. आयएस ७१० चा मरीन प्लाय इथे गरजेपेक्षा महाग पडतो. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ या कामाला घेऊ नका. त्यांच्या कडेत स्क्रू धरत नाही, भार कायम राहिला की ते हळूहळू वाकत जातात आणि एकदा पाणी शोषून फुगले की मूळ आकारावर येत नाहीत.

तुकडा घेताना त्याची कापलेली कड बघा. थरांमध्ये पोकळ्या दिसत असतील, बारीक गोल भोके किंवा पिठासारखा भुसा दिसत असेल तर तो तुकडा बाजूला ठेवा. जमिनीवर आडवा टाकून एका कोपऱ्यावर दाबा. समोरचा कोपरा उचलला गेला तर प्लाय पिळलेला आहे. आणि १८ मिमी म्हणून मिळणारा प्लाय पुष्कळदा साडेसतरा भरतो, तेव्हा टेपने मोजून घ्या. फरक निघाला तर पायांची उंची त्याप्रमाणे बदला.

पूर्ण शीट, म्हणजे आठ बाय चार फूट, लागत नाही. चार फूट बाय दीड फुटाच्या तुकड्यात सगळे बसते. करवतीच्या पात्याची जाडी, म्हणजे दर कापाला सुमारे ३ मिमी, त्यात धरलेली आहे. बहुतेक मोठ्या दुकानांत असे उरलेले तुकडे असतात आणि तिथेच मशीनवर कापूनही मिळतात. घरी हातकरवतीने सरळ काप घेणे जमते, पण दोन्ही पाय तंतोतंत सारखे येणे कठीण. मशीनवर कापून घ्या आणि दोन्ही पाय एकाच सेटिंगवर कापायला सांगा. त्यांच्या उंचीत एक मिमीचाही फरक असला की वरची फळी तिरकी बसते.

कापायची यादी:

- वरची फळी: १००० × २४० मिमी, १ नग. वरच्या थराचे रेषे लांबीच्या दिशेने यायला हवेत.
- पाय: २४० × १०२ मिमी, २ नग (एकूण उंची १२० वजा फळीची जाडी १८)
- मागची उभी पट्टी: ७६४ × ७० मिमी, १ नग. हिचेही रेषे लांबीच्या दिशेने.

बाकी सामान: ८ नंबरचे २ इंची चिपबोर्ड स्क्रू २०, पांढरा लाकडाचा गोंद (फेविकॉल एसएच चालेल) पाव किलो, १२० आणि २२० नंबरचा सँडपेपर, लाकडाची पुट्टी, सँडिंग सीलर (पॉलिशआधी लाकडाची छिद्रे बुजवणारा थर) आणि पॉलिश, चिकट पाठीच्या २–३ मिमी जाड रबरी चकत्या. हत्यारांत ड्रिल, ३ आणि ४.५ मिमीचे बिट, काउंटरसिंक बिट (स्क्रूचे डोके आत बसावे म्हणून भोकाचे तोंड रुंद करणारे), गुण्या, मेजरिंग टेप आणि निदान दोन सी-क्लॅम्प.

स्क्रू घेताना काळे जिप्समचे स्क्रू टाळा. ते कडक असतात, पण ठिसूळही. आडवा जोर आला की डोक्याखाली मोडतात आणि मोडका तुकडा आतच अडकतो. पिवळे किंवा चंदेरी चिपबोर्ड स्क्रू त्याच किमतीच्या आसपास मिळतात.

दुकानदाराशी माप एकाच पद्धतीत बोला. सुतार सूत-इंचात बोलतो, मशीनवाला एमएममध्ये, आणि या दोघांच्या मधे पायांची उंची हमखास बिघडते. मापे कागदावर एमएममध्ये लिहून द्या.

पट्टी उभीच का

फळी वाकू नये म्हणून तिच्या रुंदीचा उपयोग साध्या पटीत होतो, पण उंचीचा उपयोग घनाच्या पटीत. आडवी ठेवलेली २४० मिमी रुंद, १८ मिमी जाड फळी घ्या: २४० × १८³ ÷ १२, म्हणजे १,१६,६४०. आता १८ मिमी जाडीची पट्टी ७० मिमी उंच उभी करा: १८ × ७०³ ÷ १२, म्हणजे ५,१४,५००. पट्टीत फळीच्या एक तृतीयांशाहूनही कमी लाकूड आहे, तरी एकटी पट्टी फळीपेक्षा जवळजवळ साडेचार पट ताठ. उलट १८ ऐवजी २५ मिमीची फळी आणली तर ताठपणा जेमतेम पावणेतीन पट होतो, आणि वजन व किंमत दोन्ही वाढतात.

खरा फायदा गोंदाने होतो. पट्टी नुसती खाली टेकवली तर फळी आणि पट्टी वेगवेगळ्या वाकतात, आणि दोघींचा मिळून ताठपणा मूळ फळीच्या सुमारे साडेपाच पट भरतो. त्याच दोन तुकड्यांना पूर्ण लांबीभर गोंद लावून एकजीव केले की हिशेबाने तो एकवीस पटींपर्यंत जातो. प्रत्यक्षात एवढा मिळत नाही, कारण पट्टी मागच्या बाजूला आहे आणि फळीची पुढची कड तिच्यापासून लांब पडते. पण मॉनिटरची मान तळपट्टीच्या मागच्या भागातच असते, म्हणजे भार जिथे येतो तिथेच पट्टी आहे. म्हणून गोंदात काटकसर करू नका. स्क्रू हे गोंद सुकेपर्यंत दाब धरणारे मदतनीस आहेत, सांधा पेलतो तो गोंद.

पट्टीचे दुसरे काम डोल थांबवण्याचे. प्रत्येक पाय २४० मिमी खोल असल्याने पुढे-मागे तो आपोआप ताठ राहतो. डावी-उजवीकडे मात्र तो फक्त १८ मिमीचा आहे. पट्टी नसेल तर त्या दिशेचा सगळा भार फळी आणि पाय यांच्या अरुंद सांध्यावर येतो आणि काही महिन्यांत स्क्रूंची भोके सैल होतात.

पाय फळीच्या अगदी टोकाला न लावता १०० मिमी आत घ्या. त्यामुळे मधले मोकळे अंतर ९६४ वरून ७६४ मिमीवर येते आणि तेवढ्यानेच मधला झोळ जवळपास निम्मा होतो. साधा पूर्ण कीबोर्ड ४५० मिमीच्या आत असतो, तेव्हा तो आत सरकवायला भरपूर जागा राहते.

जोडणी

आधी सगळे तुकडे गोंद न लावता जमवून बघा. मग आखणी करा. फळीच्या वरच्या बाजूला प्रत्येक टोकापासून १०९ मिमीवर आडवी रेषा मारा. ही पायाची मध्यरेषा. तिच्यावर पुढच्या कडेपासून ४०, १२० आणि २०० मिमीवर खुणा करा. नंतर मागच्या कडेपासून २९ मिमीवर लांबीची रेषा मारा आणि तिच्यावर डाव्या टोकापासून १७८, ३३९, ५००, ६६१ आणि ८२२ मिमीवर खुणा करा. या पट्टीच्या. पट्टी मागच्या कडेपासून २० मिमी आत बसते, म्हणून २९. मागे राहिलेल्या त्या २० मिमीत वायरी लपतात.

पायांच्या बाहेरच्या बाजूलाही मागच्या कडेपासून २९ मिमीवर रेषा मारा आणि वरून २० व ५० मिमीवर दोन खुणा करा. खुणा केलेल्या सगळ्या जागी ४.५ मिमीचे आरपार भोक पाडून तोंडाला काउंटरसिंक द्या. हे भोक स्क्रूपेक्षा किंचित मोठे असणे महत्त्वाचे आहे. वरच्या तुकड्यात स्क्रू मोकळा फिरला तरच तो खालच्या तुकड्याला घट्ट ओढून घेतो. दोन्हीकडे आटे पकडले गेले तर मधे फट राहते आणि स्क्रू कितीही पिळला तरी ती मिटत नाही.

टेबलावर प्लास्टिकचा कागद अंथरा. पाय आणि पट्टी त्यावर उलटी उभी करा, म्हणजे तिन्हींच्या वरच्या कडा टेबलाला टेकून आपोआप एका पातळीत येतील. पट्टीच्या दोन्ही टोकांना गोंद लावा. प्लायची कड गोंद पिते, म्हणून पहिला हात लावून पाच मिनिटे थांबा आणि मग दुसरा हात लावा. पाय दाबून धरा आणि त्याच्या भोकातून पट्टीच्या टोकात ३ मिमीचे भोक पाडा, ५० मिमी खोल, बिटला टेप गुंडाळून खोलीची खूण करा. हे भोक न पाडता स्क्रू घातला तर प्लायचे थर पुस्तकाच्या पानांसारखे उलगडतात आणि तो सांधा गेलाच म्हणायचा. स्क्रू शेवटी हाताने आवळा. ड्रिलचा जोर कडेतले आटे खरवडून टाकतो. गुण्या लावून दोन्ही कोपरे काटकोनात आहेत ना ते बघा, गोंद ओला आहे तोवरच दुरुस्ती होते.

आता सांगाडा सरळ करा. दोन्ही पायांच्या आणि पट्टीच्या वरच्या कडेला गोंदाची अखंड रेघ द्या, बोटाने पसरा, फळी वर ठेवा आणि पुढची-मागची कड जुळवून क्लॅम्प लावा. क्लॅम्पखाली लाकडाचे तुकडे ठेवा, नाहीतर वळ उठतात. फळीच्या भोकांतून पुन्हा ३ मिमीची भोके पाडा आणि मधल्या स्क्रूपासून सुरुवात करून टोकांकडे जा. सांध्यातून गोंदाचे बारीक थेंब सगळीकडे सारखे बाहेर यायला हवेत. जिथे थेंब आला नाही तिथे गोंद पोहोचला नाही. बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या फडक्याने पुसा, कारण तो सुकून राहिला तर त्या जागी पॉलिश चढत नाही. चोवीस तास हलवू नका, पावसाळ्यात दोन दिवस.

पॉलिश

पुट्टीने स्क्रूंची तोंडे भरा, सुकल्यावर १२० ने आणि मग २२० ने घासा. कडा थोड्या गोल करा, कीबोर्ड ओढताना मनगट तिथेच लागते. सीलरचे दोन हात, मधे हलके घासणे, वर पॉलिशचे दोन हात. खालची बाजू आणि पायांच्या तळाच्या कडाही त्याच दिवशी रंगवा. वरून बंद आणि खालून उघडा प्लाय पावसाळ्यात एकाच बाजूने दमट हवा शोषतो आणि धनुष्यासारखा वाकतो. सनमायका लावायचा असेल तर हाच नियम: वर लावला तर फळीच्या खालीही पातळ लायनर (आतल्या बाजूला लावायचा साधा सनमायका) हवा, आणि तो पट्टी-पाय जोडण्याच्या आधी लावायला हवा. मात्र पट्टी आणि पाय जिथे चिकटणार तेवढी जागा लायनरविना कोरी ठेवा, कारण हा गोंद लायनरच्या गुळगुळीत पृष्ठभागावर धरत नाही.

पॉलिश हाताला कोरडे लागले तरी मॉनिटर लगेच ठेवू नका. आठवडाभर थांबा. अर्धवट सुकलेल्या थरावर मॉनिटरचे रबरी पाय चिकटतात आणि उचलताना पॉलिश सोलून निघते.

रबरी चकत्या चारच, पायांच्या चार कोपऱ्यांना. नमदा सनमायकावर घसरतो, म्हणून रबर. स्टँड लंगडत असेल तर आधी तो पुढची बाजू मागे येईल असा फिरवून बघा. लंगडणारा कोपरा स्टँडबरोबर फिरला तर दोष स्टँडचा, तिथेच राहिला तर टेबल पिळलेले आहे. दोन्हींवर उपाय एकच, त्या चकतीखाली कार्डाची चकती. मधे तिसरा पाय लावायचा मोह होतो, पण टेबल क्वचितच पूर्ण सपाट असते. मधला पाय उंचवट्यावर आला की स्टँड त्याच्यावर झुलतो.

मॉनिटर चढवण्याआधी स्टँड जमिनीवर ठेवून मधोमध वीस किलो वजन रात्रभर ठेवा, दहा-दहा किलोंच्या पिठाच्या दोन पिशव्या चालतील. सकाळी वजन असतानाच मागच्या कडेवर दोरा ताणून धरा. मधे एक मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर पट्टीचा गोंद नीट लागलेला नाही. तो सांधा उघडून पुन्हा चिकटवण्यापेक्षा पहिल्या पट्टीच्या पुढच्या बाजूला फळीखाली दुसरी पट्टी चिकटवणे सोपे.

स्टँड पक्का असूनही पडदे थरथरत असतील तर टेबलाकडे बघा. अर्धा ग्लास पाणी थेट टेबलावर ठेवून टाइप करा. पाणी हलले तर टेबलाचे बोल्ट आवळा, ते भिंतीला टेकवा, किंवा त्याच्याही पायांमध्ये मागे अशीच एक रुंद पट्टी लावा.

पट्टीखाली ३२ मिमीची फट उरते, ती वायरींसाठी. तीन पिनांचा जाड प्लग तिथून जात नाही, म्हणून मॉनिटरकडचे बारीक टोक घालून वायर ओढा. स्टँडखाली लॅपटॉप बंद करून सरकवायला हरकत नाही, पण चालू ठेवून कोंबू नका, गरम हवेला जायला वाट राहत नाही.

सत्तावीस इंची दोन मॉनिटर असतील तर माना ६०० मिमीच्या पुढे जातात. फळी ११०० घ्या, पाय १०० मिमीच आत ठेवा, पट्टी ८६४ करा आणि जमत असेल तर उंची ८० मिमी, मग वायरींसाठी २२ मिमी उरतात. पट्टीच्या पाच खुणा डाव्या टोकापासून १७८, ३६४, ५५०, ७३६ आणि ९२२ मिमीवर येतील. तीन मॉनिटरांसाठी १५०० ची एक फळी करण्यापेक्षा ७५० चे दोन स्टँड शेजारी ठेवणे चांगले.

क्लॅम्पचा मॉनिटर आर्म (कडेला पकडून मॉनिटर अधांतरी धरणारा दांडा) या स्टँडवर लावू नका, तो टेबलालाच हवा. सहा किलोंचा मॉनिटर अर्धा मीटर लांब आर्मवर असला आणि क्लॅम्पची पकड ६० मिमीची असली तर टेबलाच्या कडेवर सुमारे पन्नास किलोंचा रेटा येतो. पार्टिकल बोर्डाचे टेबल असेल तर क्लॅम्पच्या वर आणि खाली २५० × १५० मिमीचा १८ मिमी प्लाय किंवा ४ मिमी लोखंडी पत्रा घाला, म्हणजे रेटा पसरतो. त्याआधी टेबल आणि दोन्ही तुकडे मिळून होणारी जाडी क्लॅम्पच्या तोंडात बसते का ते मोजा. मॉनिटरच्या पाठीवर चार भोके ७५ × ७५ किंवा १०० × १०० मिमीवर असतात आणि त्यांना बहुतेक वेळा एम४ चे स्क्रू लागतात. लांब स्क्रू आतल्या सर्किटपर्यंत पोहोचू शकतो, म्हणून तो हाताने घाला आणि जिथे अडेल तिथे थांबा.